झारी हाती घेण्यापूर्वी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

टोमॅटोच्या रोपांनी भर दुपारी माना टाकलेल्या पाहून तू रोज झारी घेऊन धावतेस आणि तरीही त्यांची पाने पिवळी पडत चालली आहेत, हे तुझ्या पत्रातून समजले. हीच चूक मी माझ्या पहिल्या उन्हाळ्यात केली होती आणि वांग्याची सहा रोपे मुळाशी कुजवून बसलो होतो, त्यामुळे तुला रागावण्याचा अधिकार मला नाही. कडक उन्हात पानांतून पाणी इतक्या वेगाने उडून जाते की, माती ओली असूनही मुळांचा पुरवठा कमी पडतो आणि पाने लोंबतात. ऊन कलले की ती आपोआप ताठ होतात. रोप सकाळीही मलूल दिसले तर मात्र काळजी करावी, आणि तेव्हाही आधी मातीत बोट घालून पाहावे. दोन पेरे खोल माती कोरडी लागली तर पाणी द्यावे. ओली लागली तर दुखणे मुळांचे आहे आणि आणखी पाण्याने ते वाढेल.

पाणी शक्यतो सकाळी, पानांवर न ओतता खोडाभोवतीच्या आळ्यात, सावकाश जिरवत द्यावे. रोज थोडेथोडे शिंपडल्याने फक्त वरची माती भिजते, मुळे वरच राहतात आणि नेमकी तीच माती उन्हाने सर्वांत आधी तापते. वाफ्यावर वाळलेल्या पानांचे किंवा गवताचे 5 ते 7 सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घाल, पण ते खोडाला चिकटू देऊ नकोस. लहान कुंड्यांना रोज पाणी न देण्याचा हा हिशेब लागू पडत नाही, कारण त्यांतली माती एका दिवसात वाळू शकते. तिथे पुन्हा बोटच खरे.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी पडलेला काळा, चामड्यासारखा डाग ही कीड नव्हे, म्हणून त्यावर औषध मारू नकोस. माती कधी कोरडी ठणठणीत तर कधी चिखल अशी राहिली की, कॅल्शियम मातीत असूनही फळापर्यंत पुरेसे पोहोचत नाही आणि हा डाग पडतो. पाण्यात सातत्य आले की पुढची फळे बहुधा स्वच्छ येतील.

फुलगळीचे कारण निराळे आहे. दिवसाचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले आणि रात्रीही गारवा येईना, की टोमॅटोचे पराग निकामी होतात आणि फूल फळ न धरताच गळते. अशा वेळी घाबरून खत वाढवू नये, कारण नत्र जास्त झाले तर पानांचे रान माजते आणि फुले आणखी कमी होतात. दुपारपुरती जाळीची सावली कर आणि ऊन उतरेपर्यंत वाट पाहा. तसेच, 30 अंशांच्या वर टोमॅटोचे लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, म्हणून रंग फिरू लागलेली फळे तोडून घरात पिकवलेली बरी.

काकडीच्या वेलाला इतकी फुले असूनही एकही फळ नाही, ही तुझी तक्रार वाचून मला थोडे हसू आले. सुरुवातीला बहुतेक नर फुलेच येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलीशी काकडी असते, ती दिसेपर्यंत धीर धर. मधमाश्या फिरकत नसतील, तर सकाळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. दुधीलाही हेच करायचे, फक्त त्याची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून काम तेव्हा. मात्र दुधी चिरल्यावर एक लहान तुकडा जिभेला लावून पाहा आणि कडू लागला तर थुंकून सबंध फळ टाकून दे. शिजवून तो कडूपणा जात नाही आणि त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. याबाबतीत वाया जाण्याची हळहळ अजिबात नको.

भेंडी एक दिवसाआड तोड, नाहीतर ती जून होते आणि झाडाची नवी भेंडी धरण्याची गतीही मंदावते. कुंडीतल्या कलमी लिंबाला जोडाच्या खालून फुटलेला प्रत्येक फुटवा काढून टाक, कारण तो कलम ज्यावर बांधले त्या खालच्या खुंटाचा असतो, तुझ्या लिंबाचा नव्हे.

पानांवर बारीक फिकट ठिपके दिसतात, असे तू शेवटी ओझरते लिहिले आहेस. मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी ही बारीक कीड फार झपाट्याने वाढते आणि पानांच्या मागे राहते. उद्या सकाळी पाने उलटून पाहा, बारीक जाळी आढळली तर मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मार, आणि काय दिसले ते मला सविस्तर कळव.

तुझे बाबा