व्हीलचेअर मिळाली, पण पायऱ्यांचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमचे घर कृष्णाकाठी आहे. २००५ च्या महापुरात घोट्याच्या वर पाणी आले, आठवडाभर राहिले आणि मातीच्या भिंती बसल्या. नवे घर बांधताना सगळ्यांनी सांगितले, जोते उचलून घ्या. आम्ही तीन फूट उचलले. २०१९ ला पाणी तरी आत आलेच, पण २०२१ ला वरच्या पायरीला लागून मागे गेले. त्या दिवशी जोत्याला हात जोडले होते. आज त्याच जोत्यामुळे माझे यजमान दीड वर्ष अंगणात आलेले नाहीत.

त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. दिव्यांग प्रमाणपत्र निघाले, ओळखपत्र आले, एका शिबिरातून व्हीलचेअरही मिळाली. देणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण खुर्चीपुढे सहा पायऱ्या आहेत आणि न्हाणीघराचे दार दोन फुटी आहे. खुर्ची त्याहून रुंद. रोज सकाळी मी आणि शेजारचा मुलगा त्यांना बखोटीला धरून आत नेतो. मी स्वतः अडुसष्ट वर्षांची आहे.

पायऱ्यांच्या जागी खुर्चीसाठी उतार करायचा तर त्याचे गणित सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतच आहे: एक फूट चढाला बारा फूट लांबी. म्हणजे तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट उतार. आमचे अंगण वीस फुटांचे, त्यामुळे मध्ये वळण, वळणावर सपाट जागा आणि दोन्ही बाजूंनी कठडा हवा. गवंड्याने उतार, दार रुंद करणे, कमोड आणि भिंतीला धरायचे दांडे मिळून पंच्याऐंशी हजार सांगितले. यासाठी मदत कुठे मिळेल हे मी सहा महिने विचारत फिरले, म्हणून हे पत्र.

योजना नाहीत असे मी म्हणणार नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २,५०० रुपये मिळतात, श्रावणबाळ योजनेत पासष्टच्या पुढील गरीब वृद्धांना दीड हजार. पण श्रावणबाळसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे, म्हणजे महिना १,७५०! मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका आहे, माझे सोडा. पण आमच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींचा मुलगा बाहेरगावी नोकरीला असल्याने त्यांचा दाखला अडला, आणि तो मुलगा वर्षातून एकदा येतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत उत्पन्नाची मर्यादा दोन लाख ठेवली हे फार चांगले झाले. त्यातून एकदाच ३,००० रुपये मिळतात. वॉकर, कमोडची खुर्ची, चष्मा त्यात बसतात. उतार बसत नाही.

मग घरकुल योजना. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार मिळतात आणि दिव्यांगांना प्राधान्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३७ मध्ये घरवाटपात पाच टक्के आरक्षणही आहे. पण ज्याचे पक्के घर आहे तो अपात्र. माझे म्हणणे नेमके इथे आहे. घर नसलेल्याला घर मिळते, चालता न येणाऱ्याला खुर्ची मिळते. पण घर आहे आणि त्या घरात वावरता येत नाही, अशा माणसासाठी रकानाच नाही.

बँकेतही विचारले. साठीच्या पुढच्यांसाठी २००७ पासून रिव्हर्स मॉर्गेजची सोय आहे: घर तारण ठेवायचे, बँक आपल्याला पैसे देते, हयातीत हप्ता भरायचा नाही. घराच्या दुरुस्तीलाही हे पैसे वापरता येतात. पण घर स्वकष्टार्जित आणि कागदपत्रे निर्वेध हवीत. आमची जागा गावठाणातली, उताऱ्यावर अजून सासऱ्यांच्या नावाशेजारी चार वारस. शहरातल्या मैत्रिणीचीही गत तीच. तिच्या इमारतीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर होणे, झालेले नाही, आणि चौथ्या मजल्याला लिफ्ट नाही. बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने योजनेचे नाव पहिल्यांदाच ऐकल्यासारखे पाहिले. आयकरात अपंग अवलंबितासाठी ७५ हजारांची आणि तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट आहे, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. ज्यांना कर भरण्याइतके उत्पन्नच नाही त्यांना तिचा उपयोग शून्य.

माझी पुतणी इंग्लंडमध्ये असते. तिथे यासाठी वेगळे अनुदान आहे. थेरपिस्ट घरी येऊन पायऱ्या, दारे, न्हाणीघर मोजतो आणि कामासाठी ३० हजार पौंडांपर्यंत मदत मिळू शकते. प्रौढांचे उत्पन्न तिथेही पाहतात. तेवढा पैसा आपण मागणार नाही. पण घरी येऊन मोजणे तरी आपल्याला परवडेल.

आणि पैसा अगदीच नाही असेही नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. या विभागाने पाच टक्के निधीतून घरातील बदलांसाठी खर्चाचे वेगळे शीर्ष ठरवून द्यावे. उत्पन्नाची अट वयोश्रीप्रमाणे दोन लाख ठेवावी आणि मुलाचे उत्पन्न तो सोबत राहत असेल तरच धरावे. वारसनोंद अपुरी असली तरी घरपट्टीची पावती पुरेशी मानावी. पैसे घरकुलासारखे टप्प्याने द्यावेत, अभियंता काम पाहून जाईल. लहान ग्रामपंचायतीचे पाच टक्के म्हणजे काही हजारच असतात, तिथे जिल्हा परिषदेने भर घालावी. गुडघे गेलेल्या पण प्रमाणपत्र नसलेल्या म्हाताऱ्यांना हा निधी लागू होत नाही. त्यांच्यासाठी वयोश्रीचीच रक्कम वाढवून दांडे आणि कमोड बसवण्याचा खर्च त्यात घ्यावा.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. आमच्या ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी गेल्या तीन वर्षांत कशावर खर्च झाला, हेही त्याच अर्जात विचारले आहे. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी आपापल्या गावात हेच दोन प्रश्न विचारावेत, ही विनंती. यजमानांना अंगणातल्या पारिजातकाखाली बसायचे आहे. ते झाड त्यांनी नवे घर बांधले त्या वर्षी लावले होते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सांगली जिल्हा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)