ताई, ती डिस्क अजून जागेवर आहे

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री फोन ठेवताना मी घाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणालो. दोन तास तुम्हाला जागं ठेवल्यावर एवढंच म्हणणं मलाच पटलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण याच खड्ड्यात पडलेले आणखीही कोणी असतील.

तुम्हाला फोन केला तेव्हा दोन दिवस मी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरत होतो. लिनक्सच्या कॉम्प्युटरला दोन टीबीची जास्तीची डिस्क जोडली होती, तिच्यावर ईएक्सटी-फोर (लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत) फॉरमॅटही केलं होतं. डिस्क दिसत होती, उघडत होती, पण एक साधी फाइल ठेवायला गेलो की ‘परमिशन डिनाइड’. फोल्डर माझ्या नावावर करून झालं होतं. एकदा नाही, तीनदा.

दुसरं कोणी असतं तर एक कमांड पाठवून मोकळं झालं असतं. तुम्ही विचारलंत, “मालकी कधी बदललीत? डिस्क माउंट करायच्या आधी की नंतर?”

आधी. तिन्ही वेळा आधीच!

मग तुम्ही म्हणालात, पाटीवर तुमचं नाव लिहिलंत आणि वर कोरा कागद ठेवलात. नाव पुसलं गेलेलं नाही, पण आता तुम्ही लिहिताय ते कागदावर, आणि कागदावर नाव रूटचं, म्हणजे लिनक्समधल्या सर्वाधिकारी खात्याचं, आहे. माउंट म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. रिकामं फोल्डर ही फक्त जागा. डिस्क तिथे बसली की फोल्डर झाकलं जातं, आणि मालक कोण, कोणाला काय करता येईल, हे डिस्कवरची फाइल सिस्टिम ठरवते. डिस्क माउंट असतानाच सीएच-ओन, म्हणजे मालक बदलायची कमांड, चालवलं आणि पहिल्या फटक्यात काम झालं.

खरं तर त्याआधी मी सगळ्या डिस्कवर ७७७ ही परवानगी ठोकणार होतो. “सगळ्यांना सगळं देऊन टाकतो,” म्हणालो तर तुम्ही इतक्या जोरात “थांबा!” म्हणालात की शेजारच्या खोलीतून बायको बघायला आली. बरं झालं आली, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच होता: ही डिस्क वापरणार कोण कोण? आम्ही दोघं. मग दोघांचा एक गट केला, डिस्कचं मुख्य फोल्डर त्या गटाच्या नावावर केलं आणि परवानगी २७७५ ठेवली. सुरुवातीच्या त्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते. उमास्क (नव्या फाइलला कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते सांगणारा आकडा) ००२ हवा, नाहीतर गटातल्या दुसऱ्याला फाइल वाचता येते पण बदलता येत नाही, हेही तुम्हीच बजावलंत. गटात नाव घातल्यावर लॉग आउट करून परत यावं लागतं, हे मात्र मी ऐकलं नाही आणि अर्धा तास तुमच्यावरच शंका घेत बसलो. त्याबद्दल माफी.

एफस्टॅबचा, म्हणजे सुरू होताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची याची यादी असलेल्या फाइलचा, किस्सा तर मीच घडवला. त्या फाइलमध्ये मी डिस्कचं, लिनक्सने तेव्हा दिलेलं ‘एसडीबी-वन’ असं नाव लिहून ठेवलं होतं. एक पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, नावं इकडची तिकडे झाली, आणि समोर काळा पडदा. दीड मिनिट आकडे मोजून झाले आणि इमर्जन्सी मोड. डिस्क गेली, फोटो गेले, असंच वाटलं. तुम्ही शांतपणे त्या ओळीच्या आधी एक हॅशचं चिन्ह टाकायला लावलंत, म्हणजे ती ओळ वगळली जाते, आणि कॉम्प्युटर उठून बसला. मग त्याच ओळीत यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, घातला, जो डिस्क कुठल्याही पोर्टला लावली तरी बदलत नाही, आणि सोबत ‘नोफेल’, म्हणजे डिस्क नसली तरी गाडी अडून राहू नये. शिवाय तुमचा दंडक: एफस्टॅबला हात लावला की रीस्टार्ट करण्याआधी ‘माउंट -ए’ चालवून बघायचं. चूक असेल तर ती तिथेच, चालू कॉम्प्युटरवर, कळते.

जुनी एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल सिस्टिमची) डिस्क मी नंतर एकट्याने लावली. तिच्यावर सीएच-मॉडचा, म्हणजे परवानग्या बदलायच्या कमांडचा, काही परिणाम होईना, तेव्हा तुमचा कागद आठवला: हा कागदच वेगळ्या जातीचा. तिथे मालक आणि परवानग्या माउंट करतानाच, एफस्टॅबच्या ओळीत सांगाव्या लागल्या. जमलं. फोन केला नाही, याची नोंद घ्यावी.

एक राहिलंच. दोन टीबीतले जवळपास शंभर जीबी कुठे गेले म्हणून मी कुरकुरत होतो ना? ईएक्सटी-फोर पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, असं तुम्ही म्हणाला होतात. नुसत्या फोटोंच्या डिस्कला एवढी राखीव जागा कशाला, म्हणून ती एक टक्क्यावर आणली. फोटो सगळे मावले, बायकोचेही.

एफस्टॅबमध्ये त्या ओळीच्या वर मी एक टीप लिहून ठेवली आहे: ‘ताईंना विचारल्याशिवाय खालची ओळ बदलू नये.’

तुमचा,
तीनदा पाटीवर नाव लिहिणारा