उपासाच्या बटाट्याचं माहेर

लिमा (पेरू देश), १२ एप्रिल

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

जूनमधल्या तुमच्या खाण्याच्या सहलीची यादी पोचली. आठजणी, त्यात तिघी शाकाहारी, दोघी मासे खाणाऱ्या पण सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या, बाकीच्यांना सगळं चालतं, आणि एकादशी करणारी तू एकटी. आठाच्या वर मात्र आता कुणाला हो म्हणू नकोस. स्वयंपाकाच्या वर्गात दोघींत एक फळी आणि एक सुरी असते. नववी आली की ती नुसती बघत बसते, आणि बघत बसायचं तर अलिबागहून इतक्या लांब कशाला यायचं?

एकादशीची काळजी सोड. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, शिवाय ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा, हे सगळं अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेलं. बटाटा तर इथलाच, अँडीज डोंगरातला. राजगिऱ्याच्या कुळातलं धान्य इथे किविचा म्हणून मिळतं. त्याच्या लाह्या करून मधात किंवा काकवीत वड्या थापतात, हुबेहूब आपली राजगिऱ्याची चिक्की. साबुदाणा मात्र मागू नकोस. कसाव्याला इथे युका म्हणतात आणि तो उकडून नाहीतर तळून खातात. सोलून, उभा चिरून मधला दोरा काढायचा आणि पूर्ण शिजवायचा. कच्चा चाखून बघायचा नाही, त्यात विषारी अंश असतो. आणि बाजारात पेरू हवा असेल तर ‘गुआयाबा’ म्हण. आपला ‘पेरू’ पोर्तुगीज ‘पेरा’वरून, म्हणजे नासपतीवरून आलेला. पेरू या देशाशी त्याचं नातं नाही.

आता मार्ग. तुम्ही कळवला होतात तो लिमा, मग कुस्को, मग अरेकिपा असा. तो मी बदललाय. लिमा समुद्रकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. विमान सव्वा तासात तिथे नेऊन टाकतं. डोकं ठणकतं, भूक मरते, पोट फुगतं. खाण्यासाठी काढलेल्या सहलीत भूकच मेली तर काय उपयोग? म्हणून आधी लिमात चार दिवस, मग २,३३५ मीटरवरच्या अरेकिपात तीन दिवस, मग कुस्कोच्या विमानतळावरून थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात, जे साधारण २,९०० मीटरवर आहे. कुस्को शहर शेवटी. शिवाय २४ जूनला तिथे इन्ती राइमीचा, म्हणजे सूर्याचा सण असतो, त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. आपण २७ नंतर जाऊ. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या दोघींनी निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावं.

लिमात पहिला धडा सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसातला कच्चा मासा. २०२३ साली युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण करायला दहा मिनिटंही लागत नाहीत. चौघींना अर्धा किलो मासा पुरतो. कोर्व्हिना घेतात, तो आपल्या घोळीच्या कुळातला, किंवा लेंग्वादो, लेपीसारखा चपटा. दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे. एक मोठा लाल कांदा केसासारखा उभा चिरून बर्फाच्या पाण्यात धुवायचा आणि घट्ट निथळायचा. भांडंही गार हवं. आधी माशाला दीड चमचा मीठ चोळायचं आणि मिनिटभर थांबायचं. मग बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर, दहा-बारा लिंबांचा रस आणि बर्फाचे दोन खडे. ढवळायचं, खडे काढायचे, दोन-तीन मिनिटांत ताटात. बाजूला उकडलेलं रताळं आणि मोठ्या दाण्याचा मका.

बिघडतं ते लिंबापाशी. लिंबू आपल्या कागदी लिंबासारखंच लहान आणि आंबट. काटकसर अंगात मुरलेली असल्यामुळे आपण ते शेवटच्या थेंबापर्यंत पिळतो. इथे अर्धं पिळून टाकून द्यायचं, कारण जोर लावला की सालीतलं तेल आणि पांढऱ्या भागाचा कडूपणा रसात उतरतो आणि सगळं भांडं कडू होतं. रस आधी काढून ठेवला तरी तेच. दुसरी चूक म्हणजे मुरवत ठेवणं. अर्धा तास ठेवलास तर मासा वातड आणि भुसभुशीत, दोन्ही एकदम होतो. खाली उरलेल्या पांढरट रसाला ‘वाघिणीचं दूध’ म्हणतात. तो फेकायचा नाही, प्यायचा.

एक गोष्ट भिशीत सगळ्यांना वाचून दाखव. लिंबाने मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो, पण जंतू आणि कृमी त्याने मरत नाहीत. इथला समुद्र थंड, मासा सकाळी धक्क्यावर आणि दुपारी पोटात. म्हणूनच चांगली सेविचेची दुकानं फक्त दुपारी उघडी असतात. रात्री मिळणाऱ्या सेविचेच्या वाटेला जाऊ नका. अलिबागला परत गेल्यावर बाजारातल्या माशाचं कच्चं करू नकोस. कृमी मरायला उणे २० अंशांत सात दिवस लागतात, घरचा फ्रीज तिथपर्यंत क्वचितच जातो, आणि जंतू तर गोठवूनही मरत नाहीत. उकडलेल्या कोळंबीचं कर, चव नव्वद टक्के तीच.

सोमवार-गुरुवारवाल्यांना आणि शाकाहारींना त्याच वर्गात कौसा, म्हणजे गार बटाट्याच्या थरांचा पदार्थ, शिकायला मिळेल. ती आही आमारिल्यो या मिरचीवर उभी आहे. नाव पिवळी, पण रंग नारिंगी, आणि तिखटाआधी फळाचा वास येतो. तिची वाटण करायची रीत नीट बघून घे: उभी चिरून बिया आणि शिरा काढायच्या, पाण्यात उकळी आणायची, पाणी फेकायचं, असं तीनदा. मग साल हाताने सुटते. ती काढून थोड्या तेलात गुळगुळीत वाटायचं. पाणी बदललं नाही तर वाटण कडवट तिखट होते आणि साल राहिली तर दाताखाली चरचरते. हातमोजे घालायचे, आणि नंतर डोळ्याला बोट लावायचं नाही, हे कोकणातल्या बाईला मी काय सांगू.

किलोभर बटाटे सालासकट उकडून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचे. गार झाले की गुठळ्या राहतात, आणि मिक्सरमध्ये फिरवले तर डिंकासारखे चिकट होतात. त्यात चार मोठे चमचे मिरचीची वाटण, तीन-चार लिंबांचा रस, पाव वाटी तेल, मीठ. पोळीच्या कणकेसारखं मळायचं, हाताला चिकटेनासं झालं की झालं. मध्ये अवाकाडो आणि चीज भरून थर लावायचे आणि गारच खायचं. घरी ही मिरची मिळणार नाही. पिवळी ढोबळी मिरची भाजून, सोलून, एका पिकल्या लाल मिरचीबरोबर वाटलीस तर रंग जवळपास येतो. वास येत नाही, तो सोडून द्यायचा.

चिनी हॉटेलं दिसतील, त्यांना चिफा म्हणतात. १८४९ पासून चिनी मजूर इथे आणले गेले, त्यांची ही देणगी. परतलेला भात चांगला असतो, पण शाकाहारी मागितला तरी अंडं असतंच.

शाकाहाराचं इथलं गणित वेगळं आहे. ‘कार्ने’ म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात गोमांस. ‘सिन कार्ने’ म्हटलं की कोंबडी येते, आणि आणणाऱ्याची त्यात काही लबाडी नसते. म्हणून चार शब्द सलग म्हणायचे: सिन कार्ने, सिन पोल्यो, सिन पेस्कादो, सिन काल्दो, म्हणजे मांस, कोंबडी, मासा आणि मांसाचं पाणी, यातलं काहीच नको. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण किनुआचं निरागस दिसणारं सूप बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजलेलं असतं. तामाले म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, त्यात ‘मान्तेका’ असते, म्हणजे डुकराची चरबी. विचारल्याशिवाय पान सोडू नका.

अरेकिपात दुपारचं जेवण पिकान्तेरियात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खाणावळीत. चूल लाकडाची, लांब बाकं, आणि कोपऱ्यात बातान नावाचा दगडी पाटा. त्यावरचा दगड वरवंट्यासारखा पुढेमागे ओढत नाहीत. तो अर्धचंद्राकृती असतो, दोन्ही टोकं धरून पाळण्यासारखा डोलवायचा. जोर खांद्याने नाही, दगडाच्या वजनाने द्यायचा. आपल्या बायका पहिल्यांदा घासायला जातात आणि पाच मिनिटांत दमतात. त्यावर शेंगदाणे, मिरची, चीज आणि वाकाताय वाटून ओकोपा करतात, ती उकडलेल्या बटाट्यावर ओततात. वाकाताय म्हणजे झेंडूच्याच जातीचा पाला. पुदिना आणि झेंडू एकत्र चुरगळल्यासारखा वास. म्हणून दसऱ्याचा झेंडू वाटायला घेऊ नकोस हं. तिथेच रोकोतो भेटेल, टोमॅटोसारखी दिसणारी काळ्या बियांची मिरची. मीठ-साखर-व्हिनेगरच्या पाण्यात तीनदा उकळूनही तिखट लागते. चीज भरलेला आधी चमचाभर खाऊन बघा.

खोऱ्यात गेल्यावर चूलसुद्धा वेगळी वागते. कुस्कोत पाणी ८८-८९ अंशांवरच उकळतं. बुडबुडे येतात, पण बटाटा लवकर शिजत नाही. कडधान्याला प्रेशर कुकर लागतोच, भाताला वेळ जास्त, आणि चहा आपल्यासारखा उकळून केला तरच रंग धरतो. किनुआ बाजारातून सुटा घेतलात तर हाताने चोळून पाच-सहा पाण्यांनी धुवायचा. रिठ्यासारखा फेस येतो, कारण दोन्हीत सॅपोनिनच. फेस थांबेपर्यंत धुतलं नाही तर सगळं भांडं कडू. एक वाटीला दोन वाट्या पाणी. लिमात पंधरा मिनिटांत होतो, वर वीसच्या पुढे. दाण्याला पांढरी शेपटी सुटली की उतरवायचा.

जून-जुलैत उंचावरच्या गावांतून चुन्यो घालतात. आपण गच्चीवर बटाट्याचा कीस उन्हात वाळवतो. इथे अख्खे लहान बटाटे रात्रीच्या हिमात गोठवतात, दिवसा वितळले की पायांनी तुडवून पाणी काढतात, पुन्हा गोठवतात, शेवटी उन्हात वाळवतात. हलका खडा उरतो, तो वर्षानुवर्षं टिकतो. खायचा तर रात्रभर भिजवून, पाणी बदलून, पिळून उकडायचा. पहिल्या घासाला मातकट लागतो, चीजबरोबर बरा. सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही.

आणि वातिया. ही तुमच्यासाठीच, कारण ती काढणीच्या या दिवसांतच होते. शेतातली वाळलेली ढेकळं रचून गुडघाभर उंचीचा घुमट करतात, एका बाजूला तोंड. आत सुमारे तासभर लाकूड जाळायचं. ढेकळं आधी काजळीने काळी पडतात, मग काजळी जळून तांबूस होतात. ती खूण. निखारे बाहेर ओढायचे, बटाटे आत टाकायचे आणि काठीने घुमट त्यांच्यावर कोसळवायचा. वरून माती, कुठूनही वाफ निसटता कामा नये. अर्ध्या-पाऊण तासात उकरायचं. आपल्याकडे मडक्यात शेंगा भाजतात त्या पोपटीत मडक्याभोवती जाळ असतो, इथे भट्टीच बटाट्यावर पडते, एवढाच फरक. भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जागी इथे काहीच नाही, मातीचाच वास. ढेकूळ ओलं असेल तर ते वाफेने फुटतं किंवा घुमट आधीच ढासळतो, म्हणून आदल्या दिवशी पाऊस पडला तर वातिया रद्द, हट्ट करायचा नाही. शाकाहारींना मी पाचामांकापेक्षा हीच सुचवते. पाचामांकात खड्ड्यातल्या तापलेल्या दगडांवर बटाटे तळाशी आणि मांस वर, त्याचा रस खाली गळतो. ती खायचीच असेल तर वेगळा खड्डा आधी सांगावा लागतो.

एकादशीचं ताट मी असं लावलंय: वातियाचे बटाटे, उकडलेलं रताळं, उकडलेली युका, भाजलेले शेंगदाणे, किविचाची वडी, आणि सीताफळाची बहीण चिरिमोया. मीठ मारासच्या मिठागरांतलं. तुझं सैंधव हवं असेल तर पुडी आण.

नळाचं पाणी कुणीही प्यायचं नाही. वर पोचल्यावर पहिला दिवस पिस्को, म्हणजे इथली द्राक्षाची दारू, नको, जड जेवण नको, मुन्या या पुदिन्यासारख्या पाल्याचा काढा घ्यायचा. कोकाच्या पानांचा चहा इथे कायदेशीर आहे, हॉटेलात समोर ठेवतात. पण त्याची एक पुडीही सामानात घालायची नाही. आपल्याकडे कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, आणि ‘चहाच तर आहे’ हे विमानतळावर कुणी ऐकत नाही. मिरचीची वाटण बंद बाटलीतली घ्या आणि मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ती द्रव म्हणून काढून घेतात. जांभळ्या मक्याची कणसं, बटाटे, बिया आणायच्या नाहीत, ते बियाणं धरतात.

काकांना नमस्कार. आजीला सांग, तिने विचारलेलं ‘तिकडे भाकरी मिळते का’ याचं उत्तर नाही असंच आहे.

तुझी,
पुतणी

ता. क. जूनमध्ये लिमात ऊन नसतं, दिवसभर धुकट झिमझिम आणि खोऱ्यात रात्री कडाक्याची थंडी. साड्यांपेक्षा सलवार-कमीज आणा, वातियापाशी जमिनीवर बसावं लागतं. आणि पुरणयंत्र इथे आहे, तुझं पितळी आणू नकोस. बॅगेचं वजन भरेल.