नोव्हेंबरच्या विमानाने मी का येत नाही

भारती स्थानक, लार्समन टेकड्या, अंटार्क्टिका
जुलैअखेर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "हिवाळा तर सरत आला, आता तिथे उरलंय काय? नोव्हेंबरच्या विमानाने ये." मागून आईचं "हो, ये गं" ऐकू आलं आणि लाइन तुटली. तुटली नसती तरी हे सगळं फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून लिहिते आहे. दादाला मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला सांगितलं आहे.

इथे बहुतेक लोक इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यात येतात. जहाज येतं, दोन-तीन महिने काम होतं, जहाज परत जातं. त्यांचं काम कमी मोलाचं नाही. आपल्या नागपूरच्या आदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत अशाच उन्हाळ्यात आल्या होत्या, त्यांच्याबद्दल मी शाळेत असताना आईनेच मला सांगितलं होतं. पण उन्हाळ्यात येणाऱ्याच्या वाट्याला येतो तो समुद्रावरचा मोडत चाललेला बर्फ. तो कधी धरला, कुठल्या महिन्यात किती वाढला, वादळानंतर त्याच्यावर काय साचलं, हे पाहायचं तर अंधारातही कुणीतरी इथे असावं लागतं. मे संपता संपता सूर्य गेला तो या महिन्याच्या मध्यावर परत आला. त्या काळातही दुपारी काही तास क्षितिजावर उजेड असायचा, आणि तेवढ्या वेळात आम्ही मोजमापं उरकायचो.

समुद्राचं पाणी शून्याला गोठत नाही, उणे १.८ अंशांपर्यंत ते तग धरतं. मग आधी पाण्यावर तेलकट साय धरल्यासारखी दिसते, आणि वारा पडला की एका रात्रीत सगळी खाडी करडी होते. बाबा, तुम्ही मला भांडुपची मिठागरं दाखवायला नेलं होतंत. तिथे ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ मागे ठेवतं, इथे थंडी नेमकं उलट करते. पाण्याचा बर्फ होतो आणि मीठ बाहेर ढकललं जातं. थोडं खारट पाणी बर्फातल्या बारीक नळ्यांत अडकून राहतं, बाकीचं खाली उतरतं. ते इतकं खारं आणि थंड असतं की वजनाने बुडतच जातं. आमच्या पश्चिमेला केप डार्नलीजवळ जमिनीवरून सुटणारा वारा नवा बर्फ सारखा समुद्रात लोटत असतो. पाणी उघडं पडतं, पुन्हा गोठतं, पुन्हा लोटलं जातं. तिथे बुडालेलं पाणी महासागराच्या तळापर्यंत पोचतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं. त्यासाठी समुद्रतळाशी ठेवलेली उपकरणं तर होतीच, शिवाय हत्ती-सीलच्या डोक्यावर बसवलेली छोटी यंत्रंही होती. खोल समुद्राला प्राणवायू मिळतो तो अशा पाण्यामुळे. हा सगळा कारखाना हिवाळ्यात चालतो. इथे असताना मला हे रोज जाणवतं आणि दर वेळी तितकंच थोर वाटतं.

माझं स्वतःचं काम या बर्फावर पडणाऱ्या हिमाचं आहे. आई, तू विचारलं होतंस की बर्फावर बर्फ पडला तर त्यात अभ्यासण्यासारखं काय. ऐक. समुद्रावरचा बर्फ खालून वाढतो. समुद्राची ऊब बर्फातून वर हवेत निसटते, तितका खालचा थर गोठतो. पण वरच्या हिमात हवा अडकलेली असते, त्यातून ऊब बर्फाच्या मानाने कित्येक पटींनी कमी निसटते. म्हणजे मार्च-एप्रिलमध्येच जाड हिम पडलं तर त्याखालचा बर्फ वर्षभर बारीकच राहतो. आणि हिम फारच साठलं तर त्याच्या भाराने बर्फ पाण्याखाली दबतो, समुद्राचं पाणी वर येऊन हिमात मुरतं, तेही गोठतं, आणि बर्फ आता वरून वाढायला लागतो! एकच गोष्ट, आधी वाढ रोखते आणि मग वाढ घडवते. यातलं काय होणार हे हिम कधी, किती आणि कुठे पडलं यावर ठरतं. आमच्या खाडीत हिमनगांच्या आडोशाला कंबरेइतके ढीग आहेत आणि शंभर पावलांवर वाऱ्याने घासून काढलेला उघडा निळा बर्फ आहे.

म्हणून आम्ही काठ्या रोवल्या आहेत. ठरल्या दिवशी प्रत्येक काठीपाशी हिमाची खोली बघायची, खड्डा खणून थराथराचं तापमान आणि वजन घ्यायचं, बर्फाला भोक पाडून जाडी मोजायची. तळाचे हिमकण जाड आणि खडबडीत होतात, हातात घेतले तर सुटे सुटे ओघळतात. बाकी दिवशी वर्गवारी, नोंदी, यंत्रांच्या बॅटऱ्या गरम ठेवणं, हेच चालतं.

हे सगळं उपग्रहाला दिसत नाही का, असं बाबा विचारतील. उपग्रह दिसतो तेवढा भाग मोजतो, म्हणजे पाण्याच्या वर असलेली उंची. तरंगणाऱ्या बर्फाचा बराचसा भाग पाण्याखाली असतो, म्हणून वरच्या उंचीतली बोटभर चूक जाडीच्या हिशेबात कित्येक पटींनी मोठी होते. वर दिसतंय त्यातलं हिम किती आणि बर्फ किती, हे कळलं नाही तर सगळा हिशेब डळमळतो. ते सांगायला शेवटी काठी घेऊन चालणारं माणूस लागतं.

आणि हा हिशेब आता टाळण्यासारखा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला. १९७९ पासून उपग्रहांनी नोंद ठेवली आहे, तेव्हापासूनचा तो नीचांक होता. त्याच वर्षी सप्टेंबरात, म्हणजे बर्फ सर्वांत जास्त पसरलेला असतो तेव्हा, १ कोटी ६९ लाखांच्या आसपासच भरला. १९८१ ते २०१० च्या सरासरीपेक्षा कमी पडलेल्या भागात पाच महाराष्ट्र मावले असते. तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्र जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे गिरगाव चौपाटीची भीती घालून मी तुम्हाला हे पटवणार नाही. पण ताजं हिम ऊन परत पाठवतं आणि उघडा समुद्र ते जवळपास सगळंच पोटात घेतो. शिवाय हा बर्फ किनाऱ्याच्या हिमनद्यांना लाटांच्या माऱ्यापासून आडोसा देतो. आणि जिवांचं काय! २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ वेळेआधी फुटला आणि सम्राट पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींतली पिल्लं वाचली नाहीत. पाण्यात टिकण्याजोगी पिसं त्यांना आली नव्हती. ते वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प बसले होते.

आता नोव्हेंबर. तेव्हा बर्फ सर्वांत जाड असतो, आमच्या भागात दीड मीटरच्या पुढे जाऊ शकतो. त्याच्या तळाला सूक्ष्म शेवाळ धरतं आणि त्यावर क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, जगतात. मग हिम ओलसर होतं, खचतं, तडे जातात, आणि उन्हाळ्यात कधीतरी खाडी मोकळी होते. आठ महिने जो बर्फ मोजला तो कसा मोडतो, हिमाखालचा भाग आधी जातो की उघडा भाग, हे त्याच काठ्यांपाशी पाहायचं आहे. नवी येणारी तुकडी आकडे घेईल, त्यात शंका नाही. पण मे महिन्यातल्या वादळात कुठली काठी कलली आणि कुठला ढीग कुठे सरकला, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांनी शेवटापर्यंत थांबावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून मला फेब्रुवारीच्या जहाजाने यायचं आहे.

आई, तू सांगितलं नाहीस पण दादाने सांगितलं, डिसेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात. हे वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मला माहीत आहे, तू "तुझं काम कर" म्हणशील आणि मुलुंड स्टेशनचा जिना कठडा धरून एकेक पायरी चढत राहशील. तसं नको. डॉक्टरांना विचार, मार्चपर्यंत थांबण्यासारखं आहे का. असेल तर थांब, मी येऊन महिनाभर तुझ्याजवळ राहते, व्यायाम मी करून घेते. थांबण्यासारखं नसेल तर मला खरं सांग. मी नोव्हेंबरच्या विमानाने येईन आणि इथे कुणालाही त्यात काही गैर वाटणार नाही. विमानाचं मला ऑगस्टअखेर कळवायचं आहे.

माझी काळजी करू नका. बर्फावर एकटीने जात नाही, सोबत वॉकीटॉकी असतो, आधी जाडी तपासल्याशिवाय पाऊल टाकत नाही आणि हवा बिघडणार असेल तर बाहेर सोडतच नाहीत. डॉक्टर इथेच असतात. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये इथेच वर्षभर राहिल्या, तेव्हा त्या ५६ वर्षांच्या होत्या. बाबा, तुमच्या बी.पी.च्या गोळ्या पावसाचं कारण सांगून चुकवू नका, दादाला दोन महिन्यांच्या एकदम आणून ठेवायला सांगितलं आहे. एक्स-रेचा फोटो मेलवर पाठवायला सांगा, म्हणजे इथल्या डॉक्टरांनाही दाखवते.

तुमची,
मनू