ताई, आडवा अक्ष बदलला आणि लाटा जुळल्या

ताई, सप्रेम नमस्कार.

प्रोजेक्टची तोंडी परीक्षा परवा पार पडली. आभाराच्या पानावर तुमचं नाव नको म्हणालात, म्हणून हे उघड पत्र, तेही नाव न घेता.

त्या आठवड्यात आमच्या रावेरकडच्या मळ्यात थ्री-फेजची लाईट रात्रीची होती. केळीला पाणी सोडून विहिरीच्या कठड्यावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि तुम्हाला फोन लावला. बिस्मथ सेलेनाइडचा तुकडा, 2 केल्विन तापमान, 14 टेस्लापर्यंत चुंबकीय क्षेत्र, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीन लाख पट. रोधाच्या आलेखावर बारीक लाटा दिसत होत्या, पण एकीचं अंतर दुसरीला मिळेना. मला वाटलं, फाइलच खराब.

"आडव्या अक्षावर काय घेतलंय?"

"क्षेत्र."

"त्याचा व्यस्त घे, भाऊ. एक भागिले क्षेत्र."

घेतला. लाटा पाच बाय पाचवर लावलेल्या केळीसारख्या सारख्या अंतरावर उभ्या राहिल्या!

मग तुम्ही खळं आणलंत. तिवड्याभोवती मळणीचे बैल फिरतात तसे इलेक्ट्रॉन फिरतात. क्षेत्र वाढलं की दावं आखडतं. फेऱ्या ठरावीकच चालतात, त्यांच्या ठरलेल्या ऊर्जा म्हणजेच लँडाऊ पातळ्या. क्षेत्र वाढेल तशा त्या एकेक करून फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा, ओलांडतात आणि रोध हेलकावतो. आपला बिस्मथ सेलेनाइड मात्र टोपोलॉजिकल इन्सुलेटर, म्हणजे आतून वीज अडवणारा पण पृष्ठभागावरून वाहू देणारा पदार्थ; त्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याच्या अंगचं इवलं चुंबकत्व) चालण्याच्या दिशेशी बांधलेला, त्यामुळे एक फेरी पूर्ण झाली की तरंगाचं चिन्ह उलटतं. लाटांना क्रमांक देऊन क्षेत्राच्या व्यस्तासमोर ओढलेली रेषा म्हणूनच क्रमांकाच्या अक्षावर शून्याऐवजी अर्ध्यावर जाते. (बैलांचं चिन्ह उलटत नाही, हे तुम्हीच हसत सांगितलंत.)

माझी रेषा 0.4 वर गेली. मी 0.5 लिहून मोकळा होणार होतो. तुम्ही चांगल्याच रागावलात. सेलेनियमच्या रिकाम्या जागांमुळे या पदार्थाच्या पोटातूनही वीज वाहते, झेमन परिणामही (क्षेत्रात स्पिननुसार ऊर्जा वेगळी होणं) रेषा सरकवतो, हे लिही म्हणालात. शिवाय तुकडा तिरपा करून घेतलेल्या नोंदी तपासायला लावल्यात: लाटा क्षेत्राच्या फक्त लंब भागाला मानतात, तर त्या पृष्ठभागाच्या असण्याला बळ मिळतं. त्या कामात माझे चार दिवस गेले, तेव्हा मनात तुम्हाला बरंच बोललो होतो. माफ करा.

परीक्षकांनी पहिलाच प्रश्न 0.4 चा विचारला.

आता लाईट दिवसाची झाली आहे. रात्री दीडला माझा फोन येणार नाही.

तुमचा,
रावेरचा भाऊ