पत्रे चढवायच्या आधी हे वाच

तासगाव

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. गोठ्याचे पत्रे आले म्हणालास आणि माझ्या जिवाला घोर लागला. तुमच्या चाळकेवाडीच्या पठारावर लोकांनी पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत.

परवाच्या वळवात इथल्या एका बेदाणा शेडचे पत्रे उडून उसात पडले. मुद्दाम जाऊन बघितलं. अँगलवर जे-बोल्ट (पत्रा अँगलला धरणारे आकड्याचे बोल्ट) नट-वायसरसकट शाबूत, फाटला होता तो पत्रा, भोकाभोवती. चिरांमध्ये गंज धरलेला, म्हणजे त्या जुन्या होत्या. बाइंडिंगची तार उलटसुलट वाकवून तुटते, तसा वाऱ्यात थडथडणारा पत्रा भोकाशी थकत जातो. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला ट्रेसी वादळ आलं, तेव्हा असंख्य घरांची छपरं याच कारणानं गेली.

आता हिशोब बघ. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराच्या आपल्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) पुण्याला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्याचा जोर चौरस मीटरला नव्वद किलोच्या वर जातो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा तेवढ्याच जागेत जेमतेम चार-पाच किलोचा! वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो, आणि पठाराच्या कड्याशी त्याचा वेग आणखी वाढतो. तेव्हा वर दगड नि वाळूची पोती ठेवायचा विचार सोड. तो दगड कुणाच्या तरी डोक्यात पडेल.

ओढ सगळ्यात जास्त कोपऱ्यांवर, वळचणीला आणि आढ्याशी. तिथं पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे अँगल, जवळजवळ घे, बोल्ट प्रत्येक उंचवट्यावर मार, वायसर रुंद वापर. वळचण दीड फुटापुढं काढू नकोस. लोखंड वाचवायला मिस्त्री उतार कमी धरेल, ऐकू नकोस. चारही बाजूंना उतार असलेलं चौपाखी छप्पर जमलं तर सोन्याहून पिवळं. गोठ्याचं तोंड पश्चिमेला अजिबात नको. पावसाळी वारा आत घुसला की खालूनही ढकलतो.

आणि खांब नुसते मुरमात गाडू नकोस रे. पत्रा पर्लिनला, पर्लिन कैचीला (छपराच्या तिकोनी सांगाड्याला), कैची खांबाला आणि खांब काँक्रीटच्या पायाला, बेसप्लेट (खांबाच्या बुडाची लोखंडी पाटी) नि काँक्रीटमध्ये रोवलेल्या अँकर बोल्टनं, असं सगळं एकमेकांत घट्ट बांध. वर ओढणारा सगळा जोर शेवटी पायाच्या वजनानंच पेलायचा असतो. यात एक सांधा कच्चा राहिला, तरी बाकीचा खर्च मातीत.

पाया खणायच्या आधी फोन कर, मी येतो. मिस्त्रीशी मीच बोलेन. रोहिणी लागायच्या आत उरकू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास