शाळेच्या मुलांसाठी छोटा कॅमेरा घ्यावा का? मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. गावकऱ्यांनी तुमच्या मालवणकडच्या शाळेला दिलेल्या देणगीतून मुलांच्या हाती देता येईल असा एखादा स्वस्त डिजिटल कॅमेरा घ्यावा, की त्याच पैशांत बरासा फोन घ्यावा, असे तू विचारले आहेस आणि कॅनन इक्सस १८५ चे नावही सुचवले आहेस. माझ्या भाच्याकडे हाच कॅमेरा आहे आणि तो मी पुष्कळ हाताळला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: कॅमेरा जरूर घ्या, मात्र फोनपेक्षा सरस फोटो निघतील या भरवशावर घेऊ नका.

उणी बाजू आधी मांडतो, कारण दुकानदार ती सांगणार नाही. या कॅमेऱ्यावर दोन कोटी पिक्सेल असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. पण हे सगळे पिक्सेल ज्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, बसवले आहेत, तो जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा असतो. आजच्या बऱ्याच फोनांचा मुख्य सेन्सर याहून मोठा असतो, शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक स्वच्छ फोटो तयार करतो. इक्ससचे लेन्स सर्वांत रुंद कोनावरही एफ ३.२ इतकेच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे). एफ १.८ चे लेन्स असलेल्या फोनमध्ये सेन्सरच्या तेवढ्याच भागावर याच्या तिप्पट प्रकाश पोहोचतो. त्यामुळे पावसाळी दिवशी वर्गात दिवे लावून काढलेला फोटो या कॅमेऱ्यात रवाळ दिसेल आणि मूल जरा हलले तरी चेहरा पुसट येईल. व्हिडिओ ७२० पिक्सेल उंचीचाच निघतो, तेव्हा स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणासाठी कोणा शिक्षकाचा फोन वापरलेला बरा.

आता झूमविषयी, कारण तुझ्या मुलांना खाडीकाठचे पक्षी टिपायचे आहेत. याचा आठपट झूम खराखुरा ऑप्टिकल आहे, म्हणजे लेन्स आतून सरकते आणि चित्र मोठे होते. फोनवर बोटांनी चित्र ताणण्याचा तो प्रकार नव्हे. फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या मापात सांगायचे, तर ते २८ पासून २२४ मिलिमीटरपर्यंत जाते. पूर्ण झूम करून वीस मीटरवर रोखले, तर चौकटीत सुमारे तीन मीटर रुंदीचा आणि सव्वादोन मीटर उंचीचा भाग मावतो. लहान बगळा अर्ध्या मीटरहून थोडा उंच असतो, तो चौकटीच्या चौथ्या हिश्श्यात बसेल आणि ओळखू येईल, चोचीचा रंगही कळेल. खंड्या मात्र वीतभर पक्षी, त्याच्यासाठी निम्म्या अंतरापर्यंत तरी जावे लागेल, आणि तो तेवढा जवळ येऊ देईल की नाही, हे तुझी मुलेच जाणोत.

खरी अडचण त्यापुढची आहे. पूर्ण झूमवर लेन्सचे तोंड एफ ६.९ पर्यंत बारीक होते आणि प्रकाश जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येतो. हात हलूनही फोटो स्पष्ट यावा यासाठी तिथे शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाइतके तरी जलद हवे, असा छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे. भर उन्हात हे सहज जमते, कारण आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १०० वर ठेवूनही शटर त्याच्या दुप्पट वेगाने चालते. पण माडांच्या दाट सावलीत तेच शटर पन्नासाव्या भागापर्यंत उतरते, आणि १८५ मध्ये हाताची थरथर लेन्सच्या आतच शोषून घेणारी ऑप्टिकल स्थिरता नाही. लहान मुलांच्या हातात ही उणीव दुपटीने जाणवेल. याच मालिकेतल्या इक्सस १९० मध्ये ती सोय आहे, आणि झूमही दहापट आहे. दोन्ही कॅमेरे २०१७ च्या आरंभी एकाच वेळी आले, दिसायलाही सारखेच आहेत. किमतीत थोडाफार फरक असेल, तर तो सोसून १९० घ्यावा, असा माझा आग्रह आहे. त्यात वायफाय आहे, ते शाळेला नको असले तर वापरू नये, इतकेच.

ज्यासाठी मी हा कॅमेरा घे म्हणतो, ती गोष्ट आता सांगतो. झूम पूर्ण मागे घेतला की हे लेन्स अगदी एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही नेमके जमते. भाच्याने अंगणातल्या जास्वंदीवर चढणाऱ्या मुंग्यांचे फोटो काढले होते. त्यांतल्या एकात मुंगीने तोंडात धरलेला परागाचा कण आणि तिच्या पायावरची लव स्पष्ट दिसते. एवढ्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते आणि फ्लॅशचा उजेड लेन्सच्या नळीआड अडतो, म्हणून सूर्याला पाठ न करता ऊन बाजूने येईल असे उभे राहायला मुलांना शिकवावे लागेल. हे शिकवणे हाच विज्ञानाचा तास होईल. शेवाळ, शंख, किरव्याच्या बिळाभोवतीच्या वाळूच्या गोळ्या, भाताची लोंबी, असे तुमच्या भोवतालचे सगळे जग या एका सेंटिमीटरच्या टप्प्यात येते. फ्लॅशही फोनसारखा एलईडीचा नसून खरा झेनॉन वायूच्या नळीचा आहे. दोन-तीन मीटरवर लेझीम खेळणारी मुले संध्याकाळीही तो जागच्या जागी गोठवतो. त्याच्या पलीकडच्या रंगमंचापर्यंत तो पोहोचत नाही.

आणि तो फोन नाही. मुलाच्या हाती फोन दिला की खेळ, संदेश, जाहिराती सगळेच त्याबरोबर येते, आणि शिक्षकाचा निम्मा वेळ पाठीशी उभे राहून पाहण्यात जातो. १८५ मध्ये इंटरनेटचा मार्गच नाही. मुलामुलींचे फोटो कार्डावर राहतात, कोणाच्या ग्रुपवर परस्पर जात नाहीत, आणि कोणता फोटो बाहेर द्यायचा हे पालकांना विचारून ठरवता येते. हे मला झूमपेक्षाही मोलाचे वाटते.

खरेदी करताना सांभाळ. २०१० मध्ये जगभरात असे छोटे कॅमेरे दहा कोटींहून अधिक विकायला निघाले होते. २०२३ मध्ये ती संख्या वीस लाखांच्याही खाली आली. त्यामुळे नवा पीस मिळणे अवघड झाले आहे, आणि जुन्या डिजिटल फोटोंचा रंग तरुणांना पुन्हा आवडू लागल्याने वापरलेल्या कॅमेऱ्यांचे भावही चढले आहेत. ही पोकळी भरायला ऑनलाइन बाजारात ‘४८ मेगापिक्सेल, ४के, १६ पट झूम’ असे लिहिलेले अनोळखी नावांचे कॅमेरे आले आहेत. त्यांच्यापासून दूर राहा. त्यांतल्या बहुतेकांत झूम डिजिटल असतो आणि पिक्सेल ताणून फुगवलेले असतात. चालू केल्यावर लेन्स बाहेर येत नसेल आणि वर्णनात ‘ऑप्टिकल’ हा शब्द कुठेच नसेल, तर तो कॅमेरा घेऊ नकोस. वापरलेला घेताना तो तीन-चार वेळा चालू-बंद करून लेन्स न अडखळता आतबाहेर होते का ते ऐक, बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहा, आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग तपास.

बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे दोनशे फोटो देते, म्हणून सहलीसाठी दुसरी बॅटरी हवीच. ती बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्ये लावावी लागते. फोनची सी-टाइप वायर याला चालत नाही. शाळेच्या संगणकासाठी साधा कार्ड रीडर आणि ३२ जीबीचे कार्ड घे. देवबागच्या वाळूत कॅमेरा उघडा ठेवू देऊ नकोस. एक कण लेन्सच्या नळीत शिरला की ती अडकते. पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेव, नाहीतर दमट हवेत काचेवर बुरशी धरते.

पुढच्या आठवड्यात इथल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत चौकशी करतो. १९० चांगल्या अवस्थेत मिळाला तर पैसे देण्याआधी त्यातून काढलेले फोटो तुला पाठवतो, ते पाहून होकार कळव. देणगीची रक्कम किती आहे आणि पावती शाळेच्या नावे हवी का, तेही लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र